कीर्द आणि खतावणी : प्रयोगशाळेची नोंदवही संगणकावर येताना

विज्ञान शाखेत शिकलेल्या प्रत्येकाला 'जर्नल' ठाऊक असते. एका बाजूला कोरे पान, दुसऱ्या बाजूला आखलेले, वर खाकी कागदाचे आवरण आणि शेवटी शिक्षकांची सही. प्रयोग मंगळवारी होतो आणि जर्नल रविवारी रात्री लिहिले जाते. मधल्या काळात आकडे एका चिठोऱ्यावर असतात, चिठोरे कंपासपेटीत असते आणि जर्नलात उतरताना आकडे थोडे नीटनेटके होतात. तीन वाचनांपैकी एक फारच वेगळे आले असेल तर ते वाटेत गळते. खाडाखोड नसलेल्या जर्नलाला गुण जास्त. अशा रीतीने आपल्याकडचा विद्यार्थी वयाच्या सोळाव्या वर्षापासून एक गोष्ट पक्की शिकतो : नोंद म्हणजे काम संपल्यावर, सवडीने, सुवाच्य अक्षरात तयार करायची वस्तू.

जुन्या पेढीवरच्या दिवाणजीला हे पटले नसते. त्याच्याकडे दोन वह्या असत. कीर्दीत व्यवहार घडला त्याच दिवशी, त्याच क्रमाने, त्याच तारखेखाली उतरे. मग सवडीने तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर जाई. कीर्दीत कोणाचेही खाते सलग सापडत नाही, म्हणून खतावणी हवी; आणि खतावणीवर शंका आली की कीर्द उघडायची. खतावणी कीर्दीवरून होते. कीर्द खतावणीवरून रचली, तर त्याला आपल्याकडे लबाडीच म्हणत आले आहेत.

प्रयोगशाळेची नोंदवही ही कीर्द आहे. शोधनिबंध, प्रबंध, अहवाल, मालासोबत जाणारे विश्लेषण-प्रमाणपत्र ही सगळी खतावणी. कागदाच्या वहीकडून इलेक्ट्रॉनिक नोंदवहीकडे जाताना नेमका हाच भेद पुसट होतो आणि त्याला आपली जर्नलची सवय हातभार लावते, असे माझे मत आहे. गोव्यातील औषधनिर्मिती उद्योगाच्या गुणवत्ता-प्रयोगशाळांत मी २७ वर्षे काम केले. त्यातली निम्मी कागदावर गेली, निम्मी पडद्यावर. सध्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला याच बदलात मदत करते आहे. अकादमीच्या वार्षिकासाठी हा विषय निवडला, कारण या बदलातला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न भाषेचा आहे. त्याकडे वळण्यापूर्वी कागदाच्या वहीने आपल्याला काय दिले, हे पाहणे आवश्यक आहे.

बांधीव वहीची शिस्त

प्रयोगशाळेची कागदी वही शिवलेली असते, सुटी पाने घातलेली फाइल चालत नाही. पहिली नोंद होण्याआधीच सर्व पानांवर क्रमांक असतात. लिहायचे ते शाईने. चूक झाली तर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता यावा. शेजारी सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर वर्ज्य. पानाचा उरलेला भाग तिरकी रेघ मारून बंद करायचा. शेवटी लिहिणाऱ्याची सही आणि ते काम समजणाऱ्या, पण त्यात भाग न घेतलेल्या दुसऱ्या कोणाची तरी साक्षीची सही.

नव्या माणसाला हे नियम कारकुनी वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक नियम एकेक पळवाट बंद करतो. पान फाडले तर क्रमांक तुटतो. मागून ओळ घुसवायला जागा नसते. खोडलेला आकडा दिसत राहतो, आणि अनुभवी तपासनीस सर्वांत आधी खोडलेलेच वाचतो.

मायकेल फॅरडे हा लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला माणूस. त्याची प्रयोगांची रोजनिशी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आहे. १८३२ पासून त्याने प्रत्येक परिच्छेदाला सलग क्रमांक द्यायला सुरुवात केली आणि ते क्रमांक १६,०४१ पर्यंत गेले. जमलेले आणि फसलेले प्रयोग एकाच रांगेत. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचे लोखंडी कडे २९ ऑगस्ट १८३१ च्या नोंदीत भेटते, आणि कशाचाही परिणाम न दिसलेले कित्येक दिवसही तितक्याच गांभीर्याने नोंदलेले आहेत. ही कीर्द झाली. क्रमांकांमुळे त्याला खतावणीही सहज करता येई, कारण एका परिच्छेदातून दुसऱ्याकडे बोट दाखवता येत असे. आजच्या संगणकीय नोंदवहीतले दुवे म्हणजे तीच युक्ती.

कीर्द आणि खतावणी यांत अंतर पडले की काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण रॉबर्ट मिलिकनचे. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणाऱ्या तेलथेंबांच्या प्रयोगावरील त्याचा निबंध १९१३ मध्ये आला. त्यात ५८ थेंब होते, आणि हे निवडलेले थेंब नसून ठरावीक काळात अभ्यासलेले सगळे थेंब आहेत, असे विधान होते. पुढे १९७० च्या दशकात जेराल्ड होल्टन या इतिहासकाराने मिलिकनच्या १९११-१२ च्या वह्या तपासल्या, तेव्हा त्यांत सुमारे १४० थेंब निघाले. वगळण्याची कारणे अनेक ठिकाणी रास्त होती : उपकरण नीट बसले नव्हते, गणितातील दुरुस्ती फार मोठी येत होती. पण निबंधातले विधान खरे नव्हते, हे कळले ते वहीमुळे. आणि वहीतल्या कशामुळे? आकड्यांच्या कडेला मिलिकनने स्वतःशी बोलल्यासारखे शेरे लिहिले होते. कुठे आनंद, कुठे वैताग, कुठे हे छापावे असे मनोगत. त्या शेऱ्यांची भाषा निबंधाची नाही, घरगुती आहे. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज लागेल.

वहीला कायद्याच्या दरबारातही मान होता. नोव्हेंबर १९५७ मध्ये गॉर्डन गूल्ड या अमेरिकन संशोधकाने लेसरची कल्पना वहीत उतरवली आणि न्यूयॉर्कमधल्या एका मिठाईच्या दुकानात नेऊन, तिथल्या नोटरी असलेल्या मालकाकडून पाने साक्षांकित करून घेतली. एकस्वासाठी पुढे तीन दशके वाद चालला, त्यात ती पाने उपयोगी पडली. अमेरिकेत १६ मार्च २०१३ पासून 'आधी कोणाला सुचले' याऐवजी 'आधी कोणी अर्ज केला' हा निकष लागू झाला, त्यामुळे वहीचे ते विशिष्ट महत्त्व कमी झाले. आपल्याकडे अर्जाचीच तारीख पाहिली जाते.

संगणक काय चांगले करतो

इलेक्ट्रॉनिक नोंदवहीचा मी विरोधक नाही. कागदी वह्यांचा काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे फार गोडवे गाता येणार नाहीत. बॅलन्समधून निघणारी वजनाची पट्टी उष्णता लागून छपाई होणाऱ्या कागदावर असते. दोन पावसाळ्यांत ती कोरी होते. म्हणून पट्टीची झेरॉक्स काढून, तिच्यावर सही करून, मूळ पट्टीसह चिकटवावी लागे. पाच वर्षांपूर्वीच्या एका मालाचे वाचन शोधायचे म्हणजे भांडाराची किल्ली, वह्यांची यादी आणि अर्धा दिवस. वाळवी हा गोव्यातल्या प्रत्येक दप्तराचा भागीदार आहे.

चांगल्या संगणकीय नोंदवहीत बॅलन्स स्वतःच वजन पाठवतो. कोणी, कोणत्या क्षणी, कोणत्या उपकरणावर काम केले, हे आपोआप नोंदले जाते. आकडा बदलला तर जुना आकडा, नवा आकडा, बदलणारा, वेळ आणि कारण अशी मागमूसवही आतल्या आत तयार होते. इंग्रजीत तिला 'ऑडिट ट्रेल' म्हणतात आणि कारखान्यांत हाच शब्द चालतो. मला 'मागमूसवही' आवडतो. कागदावरच्या एका आडव्या रेघेचे हे अधिक कडक रूप आहे.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचे नियम केले. 'भाग ११' या नावाने ते जगभरच्या औषध कारखान्यांत ओळखले जातात, आणि अमेरिकेला माल पाठवणाऱ्या गोव्यातल्या कारखान्यांनाही लागू होतात. नोंद कशी असावी याची तपासनिसांनी रूढ केलेली पाच लक्षणे कागद आणि संगणक दोहोंना सारखीच लागतात : ती कोणाची हे कळावे, ती वाचता यावी, काम होतानाच केलेली असावी, मूळ असावी आणि अचूक असावी. माझ्या अनुभवात यांपैकी तिसरे लक्षण सर्वांत आधी मोडते.

गूल्डच्या मिठाईवाल्याचे कामही आता यंत्र करते. नोंदीतली सगळी अक्षरे एका ठरलेल्या गणिती रीतीतून नेली की ठरावीक लांबीचा एक आकडा मिळतो, त्याला हॅश म्हणतात. नोंदीत एक पूर्णविराम जरी बदलला तरी हॅश पार वेगळा येतो. हा हॅश बाहेरच्या एखाद्या विश्वासार्ह वेळ-सेवेकडे पाठवायचा आणि तिचा शिक्का घ्यायचा. नोंद गुप्तच राहते, पण अमुक दिवशी ती अशीच होती, हे पुढे सिद्ध करता येते. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात, इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना द्यायच्या प्रमाणपत्रात हॅशचा रकाना आहे. म्हणजे ही कल्पना आता फक्त संगणकवाल्यांची राहिलेली नाही.

एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने आपल्या अंतर्गत प्रयोगशाळांना कागद सोडण्यासाठी ३० जून २०२४ ही मुदत दिली होती. आपली महाविद्यालयेही आज ना उद्या याच वाटेने जाणार. पैशाची अडचण पूर्वीइतकी नाही. पॅरिसच्या क्युरी संस्थेत सुरू झालेली ईलॅबएफटीडब्ल्यू ही मुक्त-स्रोत नोंदवही विनामूल्य मिळते आणि विभागातल्या साध्या संगणकावर चालवता येते. आमच्या विभागाने तीच घेतली.

संध्याकाळची अर्धी घटका

अडचण यंत्रात नसून टेबल आणि यंत्र यांच्या मधल्या चार पावलांत आहे. हातात मोजे, मोज्यांवर ॲसिटोन, धूरकपाटाची काच अर्धी उघडी आणि संगणक पलीकडच्या भिंतीशी. ब्युरेटचे वाचन घेतल्यावर माणूस काय करतो? हाताशी असलेल्या गाळणकागदावर आकडा लिहितो. पावसाळ्यात वीज गेली तर प्रश्नच नाही. मग संध्याकाळी साडेपाचला मोजे उतरवून तो दिवसभराचे गाळणकागद समोर घेऊन बसतो.

म्हणजे जर्नल परत आले. फरक एवढाच की, रविवारऐवजी त्याच दिवशी.

हे उघडकीला येते ते पुन्हा त्या मागमूसवहीतूनच. एका प्रयोगशाळेत मी आठवडाभराच्या नोंदींच्या वेळा काढून पाहिल्या, तर दिवसभरात झालेली अनुमापने संध्याकाळी अर्ध्या तासात ओळीने नोंदलेली होती. प्रत्येकाला तीन मिनिटे. एका अनुमापनाला लागणारा वेळ ज्याला ठाऊक आहे, त्याला यापुढे काही सांगावे लागत नाही. आकडे खोटे होते असे मी म्हणत नाही. बहुधा ते खरेच होते. पण कीर्द गाळणकागदावर होती आणि तो कचऱ्याच्या डब्यात गेला. संगणकात होती ती खतावणी, कीर्दीच्या वेषात.

दुसरी गोष्ट 'मागील नोंदीची प्रत काढा' या बटणाची. रोज तेच परीक्षण असेल तर कृती पुन्हा टंकण्याचे श्रम वाचतात, हे खरे. पण त्या प्रतीबरोबर कालचे तापमान, कालच्या द्रावणाचा क्रमांक आणि कालचे निरीक्षणही येते, आणि ते बदलायचे राहून गेले तरी पानाला काहीच खुपत नाही. हाताने लिहिताना आळशी माणूस निदान त्रोटक लिहीत असे. आता तो आळसातच भरपूर लिहितो. आमच्या विभागात कृतीची प्रत काढता येते, पण मोजमाप आणि निरीक्षणाचे रकाने कोरेच उघडतात, अशी मांडणी आम्ही मुद्दाम केली आहे. विद्यार्थ्यांची यावर कुरकूर आहे. असू द्यावी.

टेबलाशी असलेली अडचण सोडवायला फार मोठा खर्च लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला एक जुना टॅब्लेट दर दोन टेबलांमागे. मोज्यांवरूनही चालणारी बोथट लेखणी. आणि वीज गेल्यावर वापरायला क्रमांक घातलेली, शिवलेली एक पातळ कागदी वही, जिची पाने वीज आल्यावर छायाचित्र काढून नोंदीला जोडायची. त्या पानांवरून पुन्हा टंकायचे नाही. छायाचित्र हीच नोंद. अक्षर वाईट असले तरी चालेल.

अबोली

आता भाषेकडे येते.

सोडियम कार्बोनेटचे हायड्रोक्लोरिक आम्लाशी अनुमापन करताना मिथिल ऑरेंज हा दर्शक वापरतात. सुरुवातीला द्रावण पिवळे असते. अंतिम बिंदूला ते नारिंगीकडे झुकते आणि आम्ल जास्त झाले की लाल होते. कुठे थांबायचे हे शब्दांत सांगणे अवघड, आणि डोळ्यांनी ओळखायला आठवडे लागतात. एका प्रयोगशाळा साहाय्यिकेच्या कागदी वहीत मी याची नोंद पाहिली होती : पिवळा जाऊन अबोली आला की थांबावे, पुढच्या थेंबाला लाल होतो. गोव्यातल्या माणसाला यापेक्षा अचूक सूचना देता येणार नाही. अबोलीची वेणी न पाहिलेली मुलगी इथे सापडायची नाही. त्या एका ओळीवर पुढच्या दोन-तीन मुली तयार झाल्या.

ती प्रयोगशाळा संगणकावर गेली तेव्हा अंतिम बिंदूच्या रकान्यात दोन पर्याय आले : 'जुळते' आणि 'जुळत नाही'. तेही इंग्रजीत. अबोली लिहायला जागाच नव्हती. खाली 'इतर शेरा' असा एक रकाना होता, पण त्यात काही लिहिले की वरिष्ठांना स्पष्टीकरण द्यावे लागे. साहजिकच तो कोरा राहू लागला.

आपल्याकडच्या प्रयोगशाळेत टेबलावरचे बोलणे एका भाषेत चालत नाही. घरी कोकणी, शाळा मराठी माध्यमाची, शेजारच्या टेबलावर बेळगाव किंवा कारवारकडून आलेला सहकारी, पाळीप्रमुखाशी हिंदी आणि नोंद इंग्रजीत. वयस्क साहाय्यकांपैकी अनेकांचे प्राथमिक शिक्षण मराठीत झालेले. गोवा मुक्त झाल्यावर गावोगावी मराठी शाळा निघाल्या, त्या पिढीचे हे लोक. त्यांची निरीक्षणशक्ती उत्तम असते. पण इंग्रजीत लिहायचे म्हटले की ती दोन शब्दांवर येते, 'क्लिअर' आणि 'ओके'. माणसाला जे दिसले आणि जे लिहिता आले, यांतली ही तूट कोणत्याही मागमूसवहीत दिसत नाही.

मराठीत मात्र या कामाचे शब्द मुबलक आहेत, आणि ते कोशातून आणावे लागत नाहीत. पाठ्यपुस्तकात 'अवक्षेप' आहे. जुन्या पुस्तकांत आणि बोलण्यात 'साका'. सिल्व्हर क्लोराइडचा साका दह्यासारखा फुटका, बेरियम सल्फेटचा पिठासारखा बारीक, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा खळीसारखा. साका बसल्यावर वर राहते ती निवळी. चुन्याच्या निवळीतून कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते, हे आपण शाळेत याच शब्दांत शिकलो. पूड भुरभुरीत, रवाळ, दमट, गुठळ्या झालेली किंवा पाझरलेली असते. तेल खवट होते, गोदाम कुबट असते, जास्त तापलेला नमुना करपट. यांतला एकही शब्द अलंकारिक नाही. दोन शेजारच्या अवस्थांमधला फरक सांगणारे हे मोजमापाचे शब्द आहेत. दमट आणि पाझरलेले यांत साठवणुकीची चूक किती जुनी, एवढी माहिती दडलेली आहे.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. नोंद दुसऱ्याला वाचता आली पाहिजे. तपासनीस परदेशी असू शकतो, सहकारी केरळचा असू शकतो. त्यांनी 'खळीसारखा' वाचून काय समजावे? हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणून मराठीतच लिहा असा आग्रह मी धरत नाही. परीक्षणाचा निकाल, एकके, पदार्थांची नावे, प्रमाणपत्र हे सगळे इंग्रजीत असावे. पण निरीक्षणाचा रकाना मोकळा असावा, त्यात पाहणाऱ्याने आपल्या भाषेत लिहावे, आणि तपासणाऱ्याने शेजारी इंग्रजी भाषांतर आपल्या सहीने जोडावे. मूळ ओळ तशीच राहावी. न्यायालयात साक्षीदाराचा जबाब त्याच्या भाषेत घेऊन मग भाषांतर जोडतात, त्यासारखेच. मिलिकनला कडेला स्वतःशी बोलता आले, कारण त्याची घरची भाषा आणि निबंधाची भाषा एकच होती. आपल्या साहाय्यिकेला ती सोय नाही. ती करून द्यावी लागेल.

यंत्राला दिसणारी अक्षरे

मराठीत लिहू दिले की दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि इथे अकादमीसारख्या संस्थेचे खरे काम आहे. 'ॲसिड' हा शब्द घ्या. यातला ॲ हा एकसंध अक्षर म्हणून टंकता येतो. युनिकोडमध्ये मराठीसाठी हे स्थान २००८ मध्ये मिळाले. तोच 'अ' आणि वरची चंद्राची खूण अशा दोन चिन्हांनीही टंकता येतो. काही कळफलकांवर हिंदीतला 'ऍ' येतो. पहिले दोन डोळ्यांना सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरे आहेत, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियमही त्यांना एक करत नाहीत. परिणाम असा की, एका विद्यार्थ्याने लिहिलेले 'ॲसिटोन' दुसऱ्याने शोधले तर मिळत नाही. दोघांचेही शुद्धलेखन बरोबर. 'ऱ्हास', 'पांढऱ्या' यांतल्या अर्ध्या र ची कथा अशीच, तोही दोन रीतींनी टंकला जातो. शोधता येणे हा इलेक्ट्रॉनिक नोंदवहीचा सर्वांत मोठा फायदा; तोच मराठीत निकामी होतो आणि दोष मात्र मराठीला लागतो.

आमच्या विभागात यावर उपाय साधा निघाला. नोंद जतन होताना एक लहानशी आज्ञावली ही वेगवेगळी रूपे एका रूपात आणते, आणि ती शोधापुरतीच. मूळ टंकलेली अक्षरे जशीच्या तशी राहतात. ही आज्ञावली लिहायला एका विद्यार्थ्याला दोन दिवस लागले. अशी प्रमाण यादी अकादमीने एकदा जाहीर केली, तर गोव्यातच काय, वडोदरा, इंदूर, हैदराबादच्या मराठी मंडळींनाही ती वापरता येईल.

अंकांबाबत माझे मत वेगळे आहे आणि काही वाचकांना ते आवडणार नाही. मोजमापाचे आकडे आंतरराष्ट्रीय अंकांतच असावेत. हाताने लिहिलेला देवनागरी एक हा आंतरराष्ट्रीय नऊसारखा दिसतो आणि देवनागरी चार आठसारखा. औषधाच्या प्रयोगशाळेत ही गंमत परवडत नाही. शिवाय तक्ते करणाऱ्या अनेक आज्ञावली देवनागरी अंकाला अक्षर समजतात आणि बेरजेतून गुपचूप वगळतात. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमाने संघराज्याच्या कामकाजासाठी लिपी देवनागरी आणि अंक आंतरराष्ट्रीय ठेवले. त्यामागे कोणाचा काय हेतू होता ते असो, प्रयोगशाळेला ती वाटणी सोयीची आहे.

जुन्या वह्या, नवे दप्तर

कागदी वह्यांचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक विभागात येतो, आणि पहिले उत्तर नेहमी 'सगळे स्कॅन करू' असे असते. त्याआधी यादी करावी : वही क्रमांक, कोणाची, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, विषय कोणता. यादीविना स्कॅन केलेल्या दहा हजार पानांचा उपयोग कुलूपबंद खोलीइतकाच. स्कॅन झाल्यावर मूळ वह्या रद्दीत देऊ नयेत. शाईचा दाब, चिकटवलेली पट्टी, मागच्या पानावर उमटलेला रंगाचा डाग हे चित्रात येत नाही.

आणि संगणकातली नोंद तरी किती वर्षे वाचता येईल? गोव्याच्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. आपल्या जमिनीचे जुने दस्त पोर्तुगीजमध्ये आहेत आणि एखाद्या वारसाहक्काच्या दाव्यात भाषांतरकार शोधत फिरावे लागते. त्याआधीचे कागद मोडीत. कागद शाबूत, शाई शाबूत, पण वाचणारा नाही. संगणकात हे एका पिढीऐवजी दहा वर्षांत घडते. युनिकोडपूर्वीच्या टंकांत केलेली मराठी फाइल आज उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि खुणांचा खिचडा येतो. १९९० च्या दशकातले कित्येक स्थानिक अंक आणि प्रबंध असे पडून आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या ७ व्या कलमात इलेक्ट्रॉनिक नोंद जतन करण्याच्या अटी आहेत : ती पुढे वापरता येईल अशी उपलब्ध हवी, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात हवी, आणि तिचा उगम, तारीख व वेळ यांचा तपशील सोबत हवा. नोंदवहीची आज्ञावली विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला एवढेच विचारावे : उद्या तुमचे दुकान बंद झाले, तर माझ्या नोंदी, त्यांच्या मागमूसवहीसह, तुमच्या आज्ञावलीविना मला वाचता येतील का? छापील स्वरूपातली पीडीएफ देऊ, असे उत्तर आले तर ते अपुरे आहे. पीडीएफमध्ये पान येते, पानामागचा इतिहास येत नाही. वेगवेगळ्या नोंदवह्यांना परस्परांच्या नोंदी उघडता याव्यात म्हणून अलीकडे ईएलएन नावाचे सामाईक फाइलरूप पुढे आले आहे. त्यात साध्या फाइली आणि त्यांचे वर्णन एकत्र दाबून ठेवलेले असते. आमची नोंदवही ते देते.

तरीही विश्वासावर न राहता आम्ही दर वर्षी परीक्षा आटोपल्यावर एक चाचणी घेतो. वर्षभरातल्या काही नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडतो, बाहेर काढतो, आणि ती आज्ञावली नसलेल्या ग्रंथालयातल्या संगणकावर उघडतो. नोंद ज्याने केलेली नाही अशा विद्यार्थ्याने ती मोठ्याने वाचायची आणि इतरांनी मूळ पडद्याशी ताडायची. यंदा आठ नोंदी उघडल्या. आकडे, वेळा आणि सह्या ठीक निघाल्या. दोन तक्त्यांत 'पांढऱ्या'तला अर्धा र सुटा पडला होता, आणि एका चित्राचा मथळा मूळ नोंदीत होता पण बाहेर आलाच नव्हता. मथळ्याचे कारण सापडले. र चे अजून शोधतो आहोत.